धुराड्याचा सांधा : लहान दुरुस्ती, मोठा हिशेब

अजमल खाँ मार्ग, गफ्फार मार्केट आणि त्यांना जोडणाऱ्या गल्ल्या यांमुळे दिल्लीतील करोल बाग हा भाग कपडे, दागिने आणि विद्युत उपकरणांची बाजारपेठ म्हणून देशभर ओळखला जातो. या बाजारपेठेत राबणाऱ्यांना आणि तेथे येणाऱ्या ग्राहकांना जेवू घालणारी एक दुसरी अर्थव्यवस्था त्याच गल्ल्यांत, बहुधा दुकानाच्या दारात किंवा पदपथाच्या कडेला उभी असते. तंदूर आणि भट्टी ही तिची प्रमुख साधने होत. या उघड्यावरील भट्ट्यांमुळे होणाऱ्या प्रदूषणाची चर्चा दर हिवाळ्यात होते. इंधन कोणते असावे, बंदी असावी की नसावी, यावर मते मांडली जातात. परंतु भट्टी आणि धुराड्याची नळी जेथे एकमेकींना मिळतात, त्या वीतभर व्यासाच्या सांध्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. भट्टीसमोर दिवसाचे दहा-बारा तास उभ्या राहणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने मात्र हाच सांधा सर्वांत महत्त्वाचा असतो. धूर छतावर जाणार की त्याच्या छातीत जाणार, हे पुष्कळ अंशी तो सांधा ठरवितो.

सुधारित चुलींच्या चार दशकांच्या शासकीय अनुभवातूनही हीच गोष्ट पुढे येते. चूल बांधण्यासाठी पैसा मिळतो, तिचा सांधा राखण्यासाठी मिळत नाही. आणि सांधा गेला की चुलीवर केलेला सर्व खर्च हळूहळू वाया जातो. म्हणून या लहानशा बाबीचा तांत्रिक आणि आर्थिक अशा दोन्ही अंगांनी विचार करणे उचित ठरेल.

करोल बाग आणि तंदूर

नवी दिल्लीच्या उभारणीसाठी १९२० च्या दशकात ज्या वस्त्या हलविण्यात आल्या, त्यांतील अनेक रहिवासी करोल बागेत वसविले गेले. हकीम अजमल खान यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या तिब्बिया महाविद्यालयाचे उद्घाटन १९२१ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते याच परिसरात झाले. १९४७ च्या फाळणीनंतर या भागाचे रूप पालटले. येथील बहुसंख्य मुस्लिम कुटुंबे निघून गेली आणि पश्चिम पंजाब व सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी येथे घरे आणि दुकाने थाटली. पंजाबच्या खेड्यांत एका तंदूरभोवती अनेक घरांच्या पोळ्या भाजण्याची ‘सांझा चूल्हा’ ही पद्धत रूढ होती. निर्वासितांबरोबर तंदूर दिल्लीत सर्वदूर पोचला आणि पाहता पाहता घरगुती साधनाचे व्यावसायिक साधन झाले.

मूळच्या तंदूरला धुराडे नसते. तो अंगणात, उघड्या आकाशाखाली असे आणि धूर तोंडातून सरळ वर निघून जाई. दाट वस्तीच्या बाजारपेठेत हे शक्य राहिले नाही. वर पत्र्याचे छप्पर आले, शेजारी दुसरे दुकान आले, माडीवर राहती घरे आली. मग तंदूरच्या तोंडावर पत्र्याचे छत्र टांगून त्यातून नळी वर नेण्याची सोय निघाली. हलवायाच्या विटांच्या भट्टीत किंवा बेकरीच्या भट्टीत नळी थेट भिंतीत बसविलेली असते. पहिल्या प्रकारात छत्र आणि नळी यांचा, तर दुसऱ्या प्रकारात वीटकाम आणि नळी यांचा सांधा असतो. नळी छपरातून बाहेर पडते तेथे दोहोंतही आणखी एक सांधा तयार होतो. या तिन्ही ठिकाणच्या गरजा वेगळ्या आहेत, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

धूर वर का जातो?

धुराड्यात धूर वर चढतो तो बाहेरच्या हवेपेक्षा हलका असल्यामुळे. बाहेरचे तापमान ३० अंश सेल्सिअस असेल, तर एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.१६ किलोग्रॅम भरते. नळीतील वायू २०० अंशांवर असतील, तर तेवढ्याच आकारमानाचे वजन सुमारे ०.७५ किलोग्रॅम होते. या फरकामुळे तीन मीटर उंचीच्या नळीत जे ओढबळ निर्माण होते, ते हिशेबाने जेमतेम १२ पास्कल इतके असते. सव्वा मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या थराचा दाब साधारण एवढाच असतो. तंदूरवरील छत्रात आजूबाजूची हवाही शिरत असल्याने तेथील वायू बरेच थंड असतात. ते ८० अंशांवर आहेत असे धरले, तर त्याच उंचीच्या नळीत ओढबळ पाच पास्कलपर्यंत खाली येते.

इतक्या अल्प बळावर सर्व व्यवस्था चालत असल्याने सांध्यातील फट अत्यंत महागात पडते. नळीच्या आतील दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असल्यामुळे फटीतून प्रथम धूर बाहेर येत नाही, तर बाहेरची थंड हवा आत ओढली जाते. म्हणूनच दोष लवकर ध्यानात येत नाही. फटीतून धुराच्या वजनाइतकीच थंड हवा आत आली, तर २०० अंशांवरील वायू साधारण ११५ अंशांवर येतात आणि १२ पास्कलचे ओढबळ साडेसात पास्कलच्या आसपास उतरते. त्याच वेळी नळीला दुप्पट वजनाचे वायू वाहून न्यावे लागतात. परिणामी भट्टीच्या तोंडातून धूर मागे फिरतो. ज्वलनाला पुरेशी हवा मिळत नाही, अर्धवट जळालेला धूर वाढतो आणि इंधनही अधिक लागते. थंडावलेल्या नळीच्या आतल्या अंगाला काजळी व डांबरासारखा चिकट थर साचत जातो, त्यामुळे वाट आणखी अरुंद होते. वारा उलटा फिरला किंवा नळी तुंबली, की मग त्याच फटीतून धूर उघडपणे बाहेर पडू लागतो. या धुरात रंग व वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही असतो.

ओढबळ कमी पडते म्हणून अनेक ठिकाणी पंखा बसविला जातो. तो कोठे बसवावा, यालाही महत्त्व आहे. पंखा नळीच्या तळाशी असेल, तर त्यापुढील संपूर्ण नळी दाबाखाली येते आणि प्रत्येक सांध्यातून धूर बाहेर फेकला जातो. तोच पंखा नळीच्या वरच्या टोकाला असेल, तर खालची नळी ओढीखाली राहते आणि एखादी फट राहिली तरी निदान कामाच्या जागी धूर कोंडत नाही.

सांधा का फुटतो?

सांधा फुटण्याचे मुख्य कारण गवंड्याचा निष्काळजीपणा हे नसून दोन पदार्थांचे भिन्न स्वभाव हे होय. लोखंड तापले की विटेपेक्षा अधिक प्रसरण पावते. १५० मिलिमीटर व्यासाची पोलादी नळी ३०० अंशांनी तापली, तर तिचा व्यास सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो. तीन मीटर लांबीची नळी २०० अंशांनी तापल्यास तिची लांबी सात मिलिमीटरने वाढते. भट्टी रोज पेटते आणि रोज विझते. म्हणजे वर्षाला किमान तीनशे वेळा नळी सभोवतालच्या विटांना ढकलते आणि पुन्हा आकसते. नळीला चिकटून घट्ट सिमेंट भरलेले असेल, तर ते तडकणे अटळ आहे.

सिमेंटच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. साध्या पोर्टलंड सिमेंटला बळकटी देणाऱ्या घटकांपैकी कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे ४०० अंशांच्या पुढे विघटन होऊ लागते. तंदूरच्या आतील भिंतीचे तापमान ४०० अंशांच्या आसपास जाते. त्यामुळे घराच्या भिंतीला योग्य असलेला सिमेंटचा गिलावा भट्टीच्या सांध्यात काही महिन्यांतच भुसभुशीत होतो. तरीही गवंड्याजवळ सिमेंट असतेच आणि ते पहिल्या दिवशी नीटनेटके दिसते, म्हणून बहुतेक ठिकाणी तेच वापरले जाते.

भट्टी उघड्यावर असेल, तर पावसाचा प्रश्न वेगळाच. नळीच्या बाहेरच्या अंगावरून ओघळणारे पाणी थेट सांध्यात उतरते. भिजलेली माती तापली की पाण्याची वाफ होते आणि लिंपणाचे पापुद्रे सुटतात. दिल्लीत जुलै ते सप्टेंबर या काळात आणि कोकण-गोव्यात तर चार महिने ही क्रिया चालू असते.

सांधा कसा बुजवावा?

यावरील उपाय फारसे खर्चिक नाहीत. नळीला घट्ट जखडून न ठेवता तिला हलण्यास जागा द्यावी आणि ती जागा लवचीक पदार्थाने भरावी, हे त्यामागील मुख्य तत्त्व होय.

वीटकामात नळी बसविताना तिच्याभोवती सहा ते दहा मिलिमीटरची मोकळी जागा ठेवावी. या जागेत उष्णतारोधक दोरीचे वेढे दाबून बसवावेत. पूर्वी यासाठी ॲस्बेस्टॉसची दोरी सर्रास वापरली जाई. ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे शरीरात गेल्यास कर्करोग होतो, हे निर्विवाद सिद्ध झाले असल्याने ती वापरू नये आणि जुनी दोरी काढताना ती कोरडी उपटू नये. काचतंतूंची दोरी साधारण ५०० अंशांपर्यंत टिकते व या कामाला पुरते. त्याहून अधिक तापणाऱ्या जागी सिरॅमिक तंतूंची दोरी लागते. मात्र ती कापताना व बसविताना नाक-तोंड झाकणे आवश्यक आहे. दोरीवर बाहेरच्या बाजूने भट्टीच्या मातीचा, म्हणजे फायर क्लेचा, पातळ थर द्यावा. हा थर कधी तडकला तरी आतील दोरी सांधा धरून ठेवते.

जेथे अशी सामग्री मिळत नाही, तेथे चिकणमाती, बारीक वाळू, भुसा आणि शेण यांचे पारंपरिक लिंपणही चालते. वाळूमुळे माती वाळताना कमी आकसते आणि भुशाच्या काड्या तड पसरू देत नाहीत. तंदूर घडविणारे कारागीर मातीत शेळीचे केस किंवा ताग मिसळतात, त्यामागेही हेच शास्त्र आहे. असे लिंपण टिकाऊ नसते; ते दर महिना-दोन महिन्यांनी पुन्हा द्यावे लागते. ही त्याची उणीव खरी, परंतु घरच्या माणसाला ते स्वतः करता येते, हा त्याचा मोठा गुण आहे. बाजारातील साधे सिलिकॉन २०० अंशांपर्यंत आणि उच्च तापमानासाठी केलेले सुमारे ३०० अंशांपर्यंत टिकते. त्यामुळे ते छपराजवळच्या थंड भागात वापरता येईल, भट्टीला लागून वापरता येणार नाही.

नळीचे तुकडे जोडताना वरच्या तुकड्याचे निमुळते टोक खालच्या तुकड्याच्या आत जावे. तसे केल्यास नळीत साचणारे पाणी व डांबर आतल्या आत खाली उतरते, बाहेर ओघळत नाही. पावसाचे पाणी अडविण्यासाठी सांध्याच्या वर नळीभोवती पत्र्याची उतरती गळपट्टी आणि नळीच्या माथ्यावर टोपी हवी. नवे लिंपण सावलीत वाळू द्यावे व पहिले दोन-तीन दिवस मंद जाळच करावा.

छपराजवळचा सांधा हा धुरापेक्षा आगीच्या दृष्टीने अधिक जोखमीचा असतो. प्लायवूड, प्लॅस्टिकचे पत्रे किंवा ताडपत्री यांना तापलेली नळी टेकू देणे धोक्याचे आहे. सतत उष्णता लागत राहिल्यास लाकूड आतून हळूहळू कोळशासारखे होते आणि मूळच्यापेक्षा कमी तापमानालाही पेट घेऊ शकते. अमेरिकेतील अग्निसुरक्षा मानकांनुसार एकपदरी धातूच्या नळीपासून ज्वलनशील वस्तू १८ इंच दूर असाव्या लागतात. एवढी जागा नसेल, तर नळीभोवती दुसरी रुंद नळी घालून मध्ये हवेचा पदर ठेवावा. करोल बागेत १२ फेब्रुवारी २०१९ रोजी एका हॉटेलला लागलेल्या आगीत १७ जणांचा मृत्यू झाला. त्या आगीचे कारण धुराडे हे नव्हते. परंतु दाट वस्तीतील इमारतींत लाकडी तक्तपोशी आणि छतावरील तात्पुरती बांधकामे किती घातक ठरतात, हे त्या घटनेने दाखवून दिले. अशाच छतांमधून भट्ट्यांच्या नळ्या बाहेर पडत असतात.

सांधा बुजला की नाही, हे तपासण्यासाठी कोणत्याही उपकरणाची गरज नाही. भट्टी पेटलेली असताना उदबत्ती सांध्याभोवती फिरवावी. तिचा धूर सांध्याकडे ओढला गेला, तर तेथे फट आहे असे समजावे.

मगन चुलीपासून आजपर्यंत

धुराड्याच्या चुलीची कल्पना आपल्या देशात नवी नाही. डॉ. जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली वर्ध्याच्या मगनवाडीत काम करणाऱ्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या परिसरात मगन चूल विकसित झाली. १९५० च्या दशकात हैदराबाद येथील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या चुलीचा प्रसार केला. पुढे १९८० च्या दशकाच्या प्रारंभी केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ मध्ये केंद्राने हा कार्यक्रम थांबवून जबाबदारी राज्यांकडे सोपविली, तोपर्यंत देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली बसविल्याची नोंद झाली होती. महाराष्ट्रात या कार्यक्रमाला पुण्याच्या ‘आरती’ अर्थात ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटचे तांत्रिक साहाय्य लाभले. साच्यातून घडविता येणाऱ्या चुली आणि त्या बनविणारे स्थानिक कुंभार व कारागीर यांवर येथे भर देण्यात आला. चूल बनविणाऱ्याला त्यातून उदरनिर्वाह मिळाला, तर तो दुरुस्तीसाठीही गावात उपलब्ध राहील, हा त्यातील विचार महत्त्वाचा होता.

साडेतीन कोटी हा आकडा मोठा असला, तरी तो बसविलेल्या चुलींचा आहे. चालू राहिलेल्या चुलींचा नव्हे. उद्दिष्ट संख्येचे होते, अनुदान उभारणीवर मिळत होते आणि चूल पूर्ण झाली की नोंदवहीतील रकाना भरत होता. वर्षभराने धुराडे तुंबले किंवा सांधा उकलला, तर त्याची दखल घेणारी व्यवस्था बहुतेक ठिकाणी नव्हती.

याचे परिणाम ओडिशातील एका दीर्घ अभ्यासातून स्पष्ट झाले. रेमा हॅना, पुढे २०१९ मध्ये नोबेल पुरस्काराच्या मानकरी ठरलेल्या एस्थर डफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी ‘ग्राम विकास’ या संस्थेने बांधून दिलेल्या धुराड्याच्या चुलींचा सुमारे २,६०० कुटुंबांमध्ये चार वर्षांपर्यंत मागोवा घेतला. कोणाला चूल आधी मिळणार हे सोडत काढून ठरविण्यात आले होते. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासावाटे जाणारा धूर कमी झाल्याचे आढळले. त्यानंतर मात्र हा लाभ दिसेनासा झाला. चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांच्या देखभालीसाठी आवश्यक तो वेळ व पैसा कुटुंबांनी खर्च केला नाही. प्रयोगशाळेत उत्तम ठरलेली चूल प्रत्यक्ष घरात निष्प्रभ ठरली, ती या कारणांमुळे.

देखभाल का होत नाही?

या प्रश्नाचे उत्तर अज्ञानात शोधणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. करोल बागेतील भट्टीच्या उदाहरणावरून अर्थशास्त्रीय कारणे अधिक स्पष्ट होतात.

पहिले कारण असे की, सांधा न बुजविल्याचा तोटा एकाला होतो आणि बुजविण्याचा खर्च दुसऱ्याला करावा लागतो. धूर कामगार सोसतो. पैसे मालक देतो. कामगार बहुधा परप्रांतातून आलेला, करार नसलेला आणि सहज बदलता येणारा असतो. घरातही हीच स्थिती असते. धूर गृहिणी सोसते आणि खर्चाचा निर्णय अनेकदा घरातील पुरुष घेतो.

दुसरे कारण जागेच्या अनिश्चिततेचे आहे. भाडेकरू दुकानदाराला घरमालकाच्या भिंतीत पक्के काम करण्याचा उत्साह नसतो. पदपथावरील विक्रेत्याला आपली जागा उद्या राहील की नाही याची शाश्वती नसते. असा मनुष्य दहा वर्षे टिकणारे धुराडे बांधणार नाही, हे त्याच्या दृष्टीने सर्वस्वी तर्कशुद्ध वर्तन आहे. पथविक्रेत्यांना संरक्षण देणारा २०१४ चा कायदा या दृष्टीने केवळ उपजीविकेचाच नव्हे, तर स्वच्छ हवेचाही कायदा आहे.

तिसरे कारण म्हणजे देखभालीचा लाभ दिसत नाही. नवी भट्टी दिसते, नवे छत्र दिसते. न फुटलेला सांधा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. शासकीय अंदाजपत्रकांतही भांडवली खर्चाला मिळणारे महत्त्व देखभालीच्या खर्चाला मिळत नाही. रस्ते, कालवे आणि हातपंप यांच्या बाबतीत जे घडते, तेच धुराड्याच्या बाबतीत लहान प्रमाणावर घडते.

नियमनाची दिशा

दिल्लीतील हवेच्या प्रदूषणावर आयआयटी कानपूरने २०१६ मध्ये सादर केलेल्या अहवालात शहरातील सुमारे ९,००० हॉटेले व उपाहारगृहे कोळसा वापरत असल्याचा, आणि तोही मुख्यतः तंदूरमध्ये, अंदाज दिला होता. दहांहून अधिक आसने असलेल्या उपाहारगृहांनी वीज किंवा गॅसकडे वळावे, अशी शिफारसही त्यात होती. राजधानी परिसरातील वायू गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाने २०२२ मध्ये मान्यताप्राप्त इंधनांची यादी जाहीर केली. तीत हॉटेले व मेजवानी सभागृहांच्या तंदूरसाठी लाकडी कोळशाला मुभा देताना धूर मार्गस्थ करणारी व नियंत्रित करणारी यंत्रणा असावी, अशी अट होती. हवेची प्रत खालावल्यावर लागू होणाऱ्या श्रेणीबद्ध कृती आराखड्यातही तंदूरमधील दगडी कोळसा व जळाऊ लाकूड यांच्या वापरावर निर्बंध घालण्यात आले. मुंबईत उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये कोळसा व लाकूड वापरणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत हरित इंधनाकडे वळण्यास सांगितले. देशातील दोन्ही महानगरांत धोरणाची दिशा अशा रीतीने एकच आहे.

ही दिशा योग्यच म्हणावी लागेल. धुराडे धूर नाहीसा करीत नाही. ते त्याची जागा बदलते. सांधा कितीही चांगला बुजविला तरी कामगारापासून दूर गेलेला धूर माडीवरच्या खिडकीत किंवा शहराच्या हवेत जातोच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ या सूक्ष्म कणांसाठी वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरला पाच मायक्रोग्रॅम सुचविली. भारताच्या २००९ च्या मानकात ती ४० आहे. दिल्लीची हवा यांपैकी कोणत्याही मर्यादेत बसत नाही. म्हणून शहराच्या हवेसाठी इंधन बदलणे आणि कामगाराच्या श्वासासाठी सांधा राखणे, ही दोन स्वतंत्र उद्दिष्टे आहेत. एकामुळे दुसऱ्याची गरज संपत नाही.

इंधन बदलले तरी सांध्याचा प्रश्न मिटत नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे. गॅसच्या तंदूरमध्ये काजळी फार कमी असते. परंतु गॅस जळताना पाण्याची वाफ मोठ्या प्रमाणात तयार होते, हवा अपुरी पडल्यास कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो आणि भाजल्या जाणाऱ्या पदार्थांतील तेला-तुपाचा धूर तर कोणत्याही इंधनात असतोच. हे तेल नळीच्या सांध्यांत साचते आणि ते पेट घेऊ शकते.

ग्रामीण भागात तर हा विषय अजून बराच काळ महत्त्वाचा राहणार आहे. १ मे २०१६ रोजी बलिया येथे सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेतील आठ कोटीवी गॅस जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातील तत्कालीन औरंगाबाद येथे देण्यात आली. ही कामगिरी निश्चितच मोठी आहे. तथापि, २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे देशात ५८.६ टक्के, तर ग्रामीण भागात ४३.२ टक्के होती. सिलिंडर घरात असूनही पाणी तापविण्यासाठी, भाकरीसाठी किंवा जनावरांच्या आंबोणासाठी परसातील चूल पेटतच असते.

काय करता येईल?

सुधारित चुली, तंदूर किंवा बेकरी भट्ट्या यांसंबंधीच्या कोणत्याही योजनेत यशाचे मोजमाप उभारणीच्या दिवशी न करता एक वर्षाने आणि तीन वर्षांनी करणे, ही पहिली गरज आहे. अनुदानाचा किंवा कारागिराच्या मोबदल्याचा काही भाग वर्षानंतरच्या तपासणीवर अवलंबून ठेवला, तर सांधा टिकविण्यात बांधणाऱ्याचेही हित राहील.

दुसरी गोष्ट कौशल्याची. पत्रेकाम करणारा मिस्त्री आणि गवंडी हे दोन स्वतंत्र कारागीर असतात. नळी एकाची आणि भिंत दुसऱ्याची. मधला सांधा कोणाचाच नसतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून या दोन्ही कामांना जोडणारा अल्प मुदतीचा अभ्यासक्रम देता येईल. महिला बचत गटांमधील एक-दोन सदस्यांना चुलींच्या देखभालीचे प्रशिक्षण देऊन ठरावीक शुल्कावर गावातील धुराडी साफ करण्याचे व लिंपण्याचे काम सोपविणेही शक्य आहे.

तिसरी बाब वित्तपुरवठ्याची. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत पथविक्रेत्याला खेळत्या भांडवलासाठी सुरुवातीला १० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळत असे. २०२५ च्या फेररचनेत हा पहिला हप्ता १५ हजार रुपये करण्यात आला. सांध्याची दुरुस्ती हा खेळत्या भांडवलातून भागविण्याजोगाच खर्च आहे. कर्ज देताना बँकेने आणि नगरपालिकेने त्याची केवळ आठवण करून दिली, तरी फरक पडू शकेल.

चौथी बाब तपासणीची. उपाहारगृहांना परवाना देताना आणि त्याचे नूतनीकरण करताना स्वच्छता व अग्निसुरक्षा तपासली जाते. त्या यादीत धुराड्याच्या सांध्यांचा एक रकाना घालण्यास नवा कायदा लागत नाही. उदबत्तीची कसोटी निरीक्षकाला दोन मिनिटांत घेता येईल आणि दुकानदारालाही ती डोळ्यांनी पाहता येईल. दंडाआधी दुरुस्तीसाठी मुदत दिल्यास या तपासणीचे रूपांतर त्रासात होणार नाही.

विकासाच्या चर्चेत नव्या साधनांना स्वाभाविकपणेच अग्रस्थान मिळते. परंतु जे साधन एकदा दिले, ते लोकांच्या हाती चालू राहते की नाही, यावरच त्याचे खरे मूल्य ठरते. दोरीचे चार वेढे, मूठभर माती आणि वर्षातून काही तासांची मजुरी एवढ्याने करोल बागेतील तंदूरसमोर उभ्या असलेल्या कामगाराचा आणि विदर्भातील एखाद्या परसात चूल फुंकणाऱ्या स्त्रीचा श्वास बराच मोकळा होऊ शकतो. इतक्या अल्प खर्चात इतका लाभ देणाऱ्या बाबी सार्वजनिक खर्चात थोड्याच असतात. या खर्चाला अंदाजपत्रकात स्वतःचे शीर्ष आणि गावात व गल्लीत स्वतःचा कारागीर मिळाला, तर सुधारित चुलींवर आजवर झालेला खर्चही सार्थकी लागेल.